नुसते ‘गिट पुश’ लिहिल्यावर काय जावे: पुश.डिफॉल्ट निवडताना

टॉवेल कारखान्याच्या मालकाने दिवाणजींना फोनवर ‘माल पाठवून द्या’ एवढेच सांगितले, तर कोणत्या पार्टीचा माल, किती गाठी आणि कोणत्या ट्रान्सपोर्टने, हे दिवाणजी रिवाजावरून ठरवतात. दोघांच्या मनातला रिवाज एकच असेल तर बिल्टी बरोबर बनते. नसेल तर हैदराबादच्या गाठी इचलकरंजीला उतरतात. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये रिमोटचे (सर्व्हरवरच्या प्रतीचे) आणि ब्रँचचे (कामाच्या शाखेचे) नाव न देता, बदल वर पाठवण्यासाठी नुसते ‘गिट पुश’ लिहिणे हेही असेच अर्धे वाक्य आहे. ते पूर्ण करण्याचा रिवाज ज्या सेटिंगमध्ये नोंदवलेला असतो, तिला पुश.डिफॉल्ट म्हणतात, आणि हे सेटिंग प्रत्येकाने एकदा तरी विचारपूर्वक ठरवावे, असे मला मनापासून वाटते.

सोलापुरात राहून पुण्यातल्या किंवा बंगळुरूच्या टीमबरोबर काम करणारे, इथल्याच व्यापाऱ्यांसाठी बिलांचे आणि साठ्याचे प्रोग्राम सांभाळणारे आणि नुकतेच अभियांत्रिकीतून बाहेर पडलेले, अशा सर्वांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. कमांड येथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीच्या लहान अक्षरांत टाइप कराव्यात, फक्त ‘हेड’ मोठ्या अक्षरांत. उदाहरणासाठी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याचा बिलांचा प्रोग्राम घेऊ. त्याची मुख्य ब्रँच ‘मेन’ आणि आपण ज्यावर काम करतो ती ब्रँच ‘जीएसटी-दुरुस्ती’.

निवड करण्यापूर्वी आज आपल्या संगणकावर काय चालू आहे, ते पाहावे. ‘गिट --व्हर्शन’ लिहून आवृत्ती तपासावी आणि नंतर पुढील कमांड द्यावी:

गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल पुश.डिफॉल्ट

या कमांडमुळे सेटिंगची किंमत आणि ती कोणत्या फाइलमधून आली, हे दोन्ही दिसते. एकाहून अधिक ओळी आल्या तर शेवटची ओळ लागू होते, कारण संपूर्ण संगणकासाठीच्या सेटिंगवर वापरकर्त्याचे, आणि वापरकर्त्याच्या सेटिंगवर त्या विशिष्ट रेपॉझिटरीचे (प्रकल्पाच्या गिटमधल्या साठ्याचे) सेटिंग वरचढ ठरते. उत्तर कोरे आले, तर कोणीही काही ठरवलेले नाही आणि गिटचा स्वतःचा रिवाज चालू आहे, असे समजावे. हा रिवाज आवृत्तीनुसार बदलतो आणि अनेकांची गफलत इथेच होते. मे २०१४ मध्ये आलेल्या गिट २.० पासून तो ‘सिंपल’ आहे. त्याआधी तो ‘मॅचिंग’ होता. ही जुनी गोष्ट आहे असे समजून सोडून देऊ नये. सेंटओएस ७ या लिनक्ससोबत गिटची १.८.३.१ हीच आवृत्ती येत असे, आणि त्या लिनक्सचा अधिकृत आधार जून २०२४ मध्ये संपला असला तरी कारखान्याच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे न हलवलेला सर्व्हर बऱ्याचदा त्याच्यावरच चालत असतो. तुमच्या लॅपटॉपवर ‘गिट पुश’चा जो अर्थ आहे, तोच त्या सर्व्हरवर नसतो.

या सेटिंगच्या किमती पाच आहेत: नथिंग, करंट, अपस्ट्रीम, सिंपल आणि मॅचिंग. त्या मी धोक्याच्या क्रमाने घेतो, कारण निवडीचा खरा निकष तोच आहे.

मॅचिंगचा अर्थ असा, की तुमच्याकडे आणि रिमोटवर ज्या-ज्या ब्रँचचे नाव सारखे आहे, त्या सर्व ब्रँच एकाच वेळी पाठवल्या जातात. तुम्ही त्या क्षणी कोणत्या ब्रँचवर उभे आहात, याला काही महत्त्व नसते. एकच माणूस सर्व ब्रँच तयार करून एकदम प्रसिद्ध करतो, अशा पद्धतीसाठी ही सोय ठीक होती. अनेक जणांच्या सामायिक रेपॉझिटरीत मात्र ती घातक आहे. २०१३ साली मी ज्या टीममध्ये होतो, तिथे माझ्या हातून हेच घडले. मी माझी एक ब्रँच रीबेस केली होती, म्हणजे तिचे कमिट (नोंदवलेले बदल) नव्या पायावर पुन्हा रचले होते, त्यामुळे ती पाठवताना ‘--फोर्स’ हा जबरदस्तीचा पर्याय देणे भाग होते, आणि ब्रँचचे नाव न देता मी ‘गिट पुश --फोर्स’ असे लिहून टाकले. माझ्याकडची ‘मेन’सारखी मुख्य ब्रँच तीन दिवस जुनी होती. मॅचिंगने तीही पाठवली, आणि फोर्स दिलेला असल्यामुळे सर्व्हरवरची ताजी ब्रँच मागे ओढली गेली. दोन सहकाऱ्यांचे तीन दिवसांचे कमिट तिथून दिसेनासे झाले. फोर्स नसता तर गिटने ती जुनी ब्रँच नाकारली असती आणि कोणाचे काही बिघडले नसते. एका सहकाऱ्याच्या संगणकावर ताजी प्रत होती म्हणून ती पुन्हा वर चढवता आली. सर्व्हरवरच्या बेअर (कामाच्या फाइल नसलेल्या) रेपॉझिटरीत रेफलॉग, म्हणजे ब्रँच आधी कुठे होती याची नोंदवही, मुळात बंद असतो, त्यामुळे तिथून आधीचा कमिट शोधण्याचा सोपा मार्ग आम्हाला नव्हता. हे सेटिंग बदलणार आहे, असा लांबलचक इशारा त्या काळातले गिट प्रत्येक पुशच्या वेळी दाखवत असे. तो मी रोज पाहिला होता आणि एकदाही शेवटपर्यंत वाचला नव्हता. आज मॅचिंग निवडण्याचे एकही सबळ कारण मला टीममध्ये काम करणाऱ्यासाठी दिसत नाही.

अपस्ट्रीम समजून घेण्यापूर्वी एका शब्दाचा घोळ मिटवला पाहिजे. गिटच्या व्यवहारात ‘अपस्ट्रीम’ हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. पहिला अर्थ म्हणजे तुमच्या ब्रँचची जोडलेली ब्रँच, म्हणजे ‘गिट पुल’ केल्यावर जिच्यातून बदल येतात ती; ही जोडणी ‘गिट ब्रँच -व्हीव्ही’ लिहिले की चौकटी कंसात दिसते. दुसरा अर्थ म्हणजे फोर्क करून (प्रकल्पाची स्वतःची प्रत काढून) काम करताना मूळ प्रकल्पाच्या रिमोटला लोक सवयीने जे नाव देतात ते. गिटला त्या नावाचे काही विशेष नाही. तिसरा अर्थ म्हणजे पुश.डिफॉल्टची ही किंमत, आणि तिचा संबंध पहिल्या अर्थाशी आहे: जिथून बदल येतात, तिथेच ते परत पाठवावेत, दोन्हीकडची नावे वेगळी असली तरी.

ऐकायला हे सरळ वाटते, परंतु त्यातली खोच पुढच्या प्रसंगात आहे. सहकाऱ्याने ताज्या ‘मेन’वरून नवी ब्रँच काढण्यासाठी अगदी योग्य वाटणारी ही कमांड दिली:

गिट स्विच -सी जीएसटी-दुरुस्ती ओरिजिन/मेन

‘ओरिजिन’ हे इथे रिमोटचे नाव आहे. रिमोटवरच्या ब्रँचपासून सुरुवात केल्यामुळे गिट आपणहून या नव्या ब्रँचची जोडणी ‘ओरिजिन/मेन’शी करते. आता पुश.डिफॉल्ट ‘अपस्ट्रीम’ असेल आणि दोन दिवसांनी त्याने नुसते ‘गिट पुश’ लिहिले, तर अर्धवट झालेली जीएसटीची दुरुस्ती कोणतीही विचारणा न होता थेट मुख्य ब्रँचमध्ये जाते. इथे फोर्सची गरज नाही, चूक दाखवणारा संदेश येत नाही, आणि कमिट ‘मेन’च्या पुढेच असल्याने सर्व काही नियमानुसार झाल्यासारखे दिसते. म्हणूनच मी अपस्ट्रीमला मॅचिंगच्या लगेच खालोखाल ठेवतो. स्थानिक नाव आणि रिमोटवरचे नाव मुद्दाम वेगळे ठेवणाऱ्या, आणि ती जोडणी स्वतः तपासणाऱ्या अनुभवी माणसाने ते जरूर वापरावे, इतरांनी टाळावे.

सिंपल ही किंमत जून २०१२ मध्ये गिट १.७.११ सोबत आली, ती नेमकी हीच खोच लक्षात घेऊन. जिथून बदल येतात त्याच रिमोटवर पाठवायचे असेल, तर ती दोन अटी घालते: ब्रँचची जोडणी केलेली असली पाहिजे, आणि जोडलेल्या ब्रँचचे नाव तुमच्या ब्रँचच्या नावासारखेच असले पाहिजे. यातली एक जरी अट पुरी झाली नाही, तरी काहीही न पाठवता गिट थांबते. वरच्या प्रसंगात ‘जीएसटी-दुरुस्ती’ आणि ‘मेन’ ही नावे जुळत नाहीत, म्हणून पुश नाकारला जातो.

नाकारताना गिट जो संदेश दाखवते, तो मात्र शांतपणे वाचावा. त्यात दोन पर्यायी कमांड दिलेल्या असतात, आणि आपली नजर सवयीने पहिलीवर जाते. पहिली कमांड ‘गिट पुश ओरिजिन हेड:मेन’ अशी असते (‘हेड’ म्हणजे तुम्ही सध्या जिथे उभे आहात ते), म्हणजे सिंपलने ज्या अपघातापासून वाचवले तोच अपघात हाताने करण्याची कमांड. सहसा आपल्याला हवी असलेली ‘गिट पुश ओरिजिन हेड’ ही तिच्या खाली असते. घाईत पहिली ओळ उचलून चिकटवणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांचा दोष मी फारसा धरत नाही. पण नव्या सहकाऱ्याला हा संदेश एकदा समोर बसवून दाखवावा, एवढे तरी आपल्या हातात आहे. मुळात ही अडचण येऊ नये म्हणून नवी ब्रँच काढताना ‘--नो-ट्रॅक’ (जोडणी करू नको) द्यावे. गिट २.३७ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल, तर ब्रँच.ऑटोसेटअपमर्ज या सेटिंगला ‘सिंपल’ ही किंमत देता येते. मग नावे सारखी असतील तरच गिट आपणहून जोडणी करते.

करंट ही किंमत जोडणी पाहतच नाही. तुम्ही ज्या ब्रँचवर आहात, ती त्याच नावाने रिमोटवर जाते. तिथे ती नसेल तर नवी तयार होते. प्रत्येक कामासाठी छोटी ब्रँच काढायची, ती पाठवायची आणि पुल रिक्वेस्ट किंवा मर्ज रिक्वेस्ट (बदल मुख्य ब्रँचमध्ये घेण्याची विनंती) उघडायची, असा ज्यांचा दिनक्रम आहे, त्यांना हे फार सोयीचे वाटते, आणि ते सुरक्षितही आहे, कारण ‘जीएसटी-दुरुस्ती’ कधीच ‘मेन’मध्ये जाऊन पडत नाही. दोन उणिवा लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे पुश झाला तरी जोडणी होत नाही, त्यामुळे पुढे नुसते ‘गिट पुल’ केले तर कोणत्या ब्रँचमधून आणायचे, हे गिट विचारते. दुसरी म्हणजे चुकून ‘मेन’वरच उभे राहून कमिट केले असतील, तर ते ‘मेन’वर जातात, अर्थात जोडणी असल्यास सिंपलही इथे वाचवत नाही.

नथिंग म्हणजे नाव दिल्याशिवाय काहीही पाठवायचे नाही. रोजच्या कामाला हे जाचक वाटेल, पण ज्या संगणकावर तीन-चार जण एकाच खात्याने बसतात, किंवा ज्या सर्व्हरवर कोड फक्त आणायचा असतो आणि तिथून काही पाठवण्याचा प्रसंग वर्षातून एखाद्या वेळीच येतो, तिथे ते उत्तम. वर सांगितलेल्या जुन्या सेंटओएसच्या सर्व्हरवर मी सर्वप्रथम हेच लिहितो.

आता प्रत्यक्ष निवड. एकाच सामायिक रेपॉझिटरीवर काम करणाऱ्या दोन ते दहा जणांच्या टीमने सिंपल घ्यावे आणि आधुनिक आवृत्तीत तोच रिवाज असला तरी तो स्पष्ट लिहून ठेवावा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल पुश.डिफॉल्ट सिंपल

न लिहिलेला रिवाज आवृत्तीबरोबर बदलू शकतो. लिहिलेला बदलत नाही, आणि पुढे कोणी तपासले तर तो विचार करून घेतलेला निर्णय आहे, हे कळते. सिंपलबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी, की प्रत्येक नव्या ब्रँचच्या पहिल्या पुशला ते अडते आणि ‘गिट पुश --सेट-अपस्ट्रीम ओरिजिन जीएसटी-दुरुस्ती’ अशी लांब कमांड लिहायला लावते. जून २०२२ मध्ये आलेल्या गिट २.३७ ने ही तक्रार दूर केली:

गिट कॉन्फिग --ग्लोबल पुश.ऑटोसेटअपरिमोट ट्रू

यानंतर जोडणी नसलेल्या ब्रँचवर नुसते ‘गिट पुश’ लिहिले, की ती त्याच नावाने जाते आणि जोडणीही त्याच वेळी होते. हे सेटिंग सिंपल, करंट आणि अपस्ट्रीम या तिन्हींसोबत चालते, म्हणजे करंटची पहिली उणीवही यातून भरून निघते. मात्र चुकीची जोडणी आधीच झालेली असेल, तर हे सेटिंग ती बदलत नाही. ‘ओरिजिन/मेन’शी जोडल्या गेलेल्या ब्रँचवर सिंपल पूर्वीसारखेच नकार देते, आणि ते योग्यच आहे.

फोर्क करून मुक्त स्रोत प्रकल्पांत काम करणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. वालचंद किंवा इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी अशा कामाची सुरुवात करतात, तेव्हा बदल मूळ प्रकल्पातून आणायचे आणि पाठवायचे मात्र स्वतःच्या फोर्कवर, हा त्रिकोण त्यांना पहिल्यांदा भेटतो. मूळ प्रकल्पावर पुश करण्याची परवानगी नसल्याने नुसते ‘गिट पुश’ नाकारले जाते आणि आपलेच काही चुकले, असे त्यांना वाटत राहते. यासाठी पुश.डिफॉल्ट बदलण्याची गरज नाही. पाठवण्याचे रिमोट वेगळे सांगण्यासाठी रिमोट.पुशडिफॉल्ट हे सेटिंग आहे, आणि ते त्या रेपॉझिटरीपुरते द्यावे:

गिट कॉन्फिग रिमोट.पुशडिफॉल्ट ओरिजिन

येथे ‘ओरिजिन’ म्हणजे तुमचा फोर्क. आणण्याचे आणि पाठवण्याचे रिमोट वेगळे झाले, की सिंपल आपणहून करंटसारखे वागते आणि नाव जुळण्याची अट धरून बसत नाही. याउलट अपस्ट्रीम या रचनेत चालतच नाही. गिट स्पष्ट नकार देते. दोन सेटिंगची नावे इतकी सारखी आहेत, की एकाच्या जागी दुसरे लिहिण्याची चूक सहज होते: रिमोट.पुशडिफॉल्ट कुठे पाठवायचे ते सांगते, आणि पुश.डिफॉल्ट काय पाठवायचे ते सांगते.

नोकरीचे काम आणि असे स्वतःचे काम एकाच लॅपटॉपवर असेल, तर दोन्हीसाठी वेगळा रिवाज ठेवता येतो. दोन्हींचे फोल्डर वेगळे करावेत आणि मुख्य गिटकॉन्फिग फाइलमध्ये ‘इन्क्लूडइफ’ची नोंद करून ‘या फोल्डरखालच्या रेपॉझिटरींना ही फाइल लागू’ असे सांगावे. गिट २.१३ पासून ही सोय आहे.

सेटिंग केले तरी ते लागू होईलच, असे मात्र नाही. कमांडमध्ये ब्रँचचे नाव लिहिले, तर पुश.डिफॉल्टचा विचारच होत नाही. त्या रिमोटच्या सेटिंगमध्ये ‘रिमोट.ओरिजिन.पुश’ अशी नोंद असली, तर तीही पुश.डिफॉल्टच्या आधी पाहिली जाते. वारशाने आलेल्या रेपॉझिटरीत वागणूक अनपेक्षित वाटली तर ही नोंद शोधावी. आणि तुम्ही कोणत्याच ब्रँचवर नसाल, म्हणजे हेड सुटे असेल, तर सिंपल, करंट आणि अपस्ट्रीम तिन्ही काम करत नाहीत. आधी ब्रँच काढावी.

खात्री करून घेण्याचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही फुकट आहेत. ‘गिट पुश --ड्राय-रन’ लिहिले तर काय जाईल, ते दिसते, पण काहीही जात नाही. बाणाच्या डावीकडे तुमची ब्रँच आणि उजवीकडे रिमोटची ब्रँच असते. उजवीकडे ‘मेन’ दिसले आणि ते अपेक्षित नसले, तर तिथेच थांबावे. दुसरा मार्ग सरावाचा. आपल्याच संगणकावर ‘गिट इनिट --बेअर सराव.गिट’ लिहून एक खोटा सर्व्हर बनवावा, त्याचे दोन क्लोन (प्रती) घ्यावेत, आणि पाचही किमती एकामागून एक लावून प्रत्येक वेळी काय गेले, ते पाहावे. यासाठी इंटरनेट लागत नाही. अर्ध्या तासाचा हा सराव मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून करून घेतो, आणि मॅचिंगने तीन ब्रँच एकदम जाताना पाहिल्यावर त्याला वेगळे काही समजवावे लागत नाही.

पुश.डिफॉल्ट हे संरक्षण नाही, हेही सांगितले पाहिजे. ते फक्त न लिहिलेले शब्द भरते. तुम्ही स्वतः लिहिलेला चुकीचा शब्द ते अडवत नाही. म्हणून फोर्सची वेळ आलीच तर ब्रँचचे नाव दिल्याशिवाय ती कमांड लिहू नये, आणि ‘--फोर्स’ऐवजी ‘--फोर्स-विथ-लीज’ वापरावे, म्हणजे तुम्ही शेवटचे पाहिल्यानंतर रिमोटवर दुसऱ्याचे काही आले असेल तर पुश नाकारला जातो. काही एडिटर पार्श्वभूमीला आपणहून फेच करतात, म्हणजे रिमोटची ताजी स्थिती आणतात, आणि त्यामुळे हे संरक्षण पोकळ होते; गिट २.३० पासून त्यासोबत ‘--फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ देता येते, ते द्यावे. सर्व्हर स्वतःचा असेल, तर त्याच्यावर ‘रिसीव्ह.डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स’ चालू करावे, म्हणजे ब्रँच मागे ओढणारा पुश सर्व्हरच नाकारतो. गिटहब किंवा गिटलॅब असेल, तर ‘मेन’ ही ब्रँच संरक्षित करून ठेवावी.

रेपॉझिटरीतली सेटिंगची फाइल क्लोनबरोबर येत नाही. त्यामुळे टीमने घेतलेला निर्णय प्रत्येकाच्या संगणकावर वेगळा लिहावा लागतो. आमच्या प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये पहिल्या पानावरच पुश.डिफॉल्ट, पुश.ऑटोसेटअपरिमोट आणि ब्रँच.ऑटोसेटअपमर्ज यांच्या तीन ओळी आहेत. नवा माणूस आला, की पहिल्या दिवशी तो त्या चालवतो, ‘--शो-ओरिजिन’ची कमांड देऊन उत्तर आम्हाला दाखवतो, आणि त्यानंतरच त्याला पुशची परवानगी दिली जाते.